मुंबईचे पहिले भारतीय महागुरुस्वामी: ख्रिस्तवासी कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस

मुंबईंत कुलाब्याच्या बाजूस होली नेम कॅथेड्रल आहे. तेथें रुंद काठाची व गोंड्यांची एक लाल टोपी जपून ठेवलेली आहे. बाराव्या पायस परमगुरुस्वामींनीं १९५३ सालीं ती टोपी ज्या धर्माधिकाऱ्यास दिली, त्या ख्रिस्तवासी कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचें चरित्र ज्युबिलीच्या या अंकांत वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. त्यांस प्रत्यक्ष पाहिलेलीं वडील माणसें अद्यापि हयात आहेत. परंतु तरुण मंडळीस त्यांचें नांव तेवढें ठाऊक. शिवाय ज्या वादाचा शेवट त्यांच्या नेमणुकीनें झाला, तो वाद आपल्या आजे-पणज्यांच्या घरांतला होता. तो समजल्यावांचून या चरित्राची खरी गोडी कळावयाची नाहीं. म्हणून तेवढा भाग आम्ही जरा विस्तारानें सांगणार आहों.

व्हॅलेरियन ग्रेशस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजीं कराची येथें झाला. आईबाप मूळचे गोव्याचे. पित्याचें नांव जुझे व मातेचें कार्लोता. पोटापाण्यासाठीं गोवेकर कुटुंबें त्या काळीं मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका अशा दूरदूरच्या बंदरीं जाऊन राहत, त्यांतलेंच हें एक. मुलगा अगदीं लहान असतांनाच पित्याचें छत्र हरपलें, आणि त्याचें संगोपन मातेच्या शिरावर आलें. कराचीच्या सेंट पॅट्रिक शाळेंत शिक्षण झाल्यावर धर्मगुरु होण्याच्या इच्छेनें तो मंगळूरच्या सेंट जोसेफ सेमिनरींत गेला, व तेथून सिलोनांतील कँडीच्या परमगुरुस्वामींच्या सेमिनरींत. ही सेमिनरी तेराव्या लिओ परमगुरुस्वामींनीं १८९३ सालीं स्थापन केली होती. हिंदुस्थानच्या तारणाचें कार्य हिंदुस्थानच्याच पुत्रांनीं करावें, हा तिचा हेतु. पुढें १९५५ सालीं ती पुण्यास आली, हें आपल्या वाचकांस माहीत असेलच. अशा संस्थेंत वाढलेल्या विद्यार्थ्यास वरील हेतु आपल्याच आयुष्यांत सिद्धीस जाईल असें स्वप्नांतहि वाटलें नसेल. ईश्वरविद्येची डॉक्टर ही पदवी मिळवून ३ ऑक्टोबर १९२६ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. नंतर रोम येथील ग्रेगोरियन विद्यापीठांत अभ्यास करून ते १९२९ सालीं मुंबईस परतले.

ते परतले त्या मुंबईंत कॅथलिकांचें एक जुनें भांडण नुकतेंच मिटल्यासारखें दिसत होतें. त्याचें मूळ फार मागें जातें. पूर्वेकडील देशांत धर्मप्रसाराचा खर्च पोर्तुगालच्या राजानें सोसावा व त्याबदल्यांत तेथील बिशपांचीं नांवें त्यानें सुचवावीं, असा हक्क पोपमहाराजांनीं त्याला दिलेला होता. त्यास पाद्रोआदो म्हणत. पुढें पोर्तुगालचें बळ खचलें, हक्क मात्र तसाच राहिला. १६२२ सालीं रोममध्यें प्रोपागांदा ही धर्मप्रसाराची संस्था निघाली व ती आपले धर्माधिकारी स्वतंत्रपणें पाठवूं लागली. म्हणजे एकाच शेतांत दोन नांगर, आणि दोघांसहि वाटावें कीं बांध आपलाच.

मुंबई बेट इंग्रजांकडे गेल्यावर १७२० सालीं कंपनी सरकारनें पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांस तेथून घालवून दिलें व चर्चांचा कारभार कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोंपविला. इकडे १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली. पोर्तुगीज पाद्री गेले, तरी साष्टी-वसईचीं चर्चें गोव्याच्या महागुरुस्वामींच्याच सत्तेखालीं राहिलीं, व देशी पाद्र्यांनीं मोठ्या हालअपेष्टा सोसून आपल्या पूर्वजांचा विश्वास जतन केला. (या देशी पाद्र्यांचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाहीं, हें आम्हांस नेहमीं खटकतें.) १७९४ सालीं मुंबई बेटांतील चार चर्चें दोन्ही पक्षांत दोन दोन अशीं वांटण्यांत आलीं. तेव्हांपासून एकाच आळींतील दोन शेजारी दोन वेगळ्या बिशपांचे होऊन बसले. एकाच्या घरचें लग्न दुसऱ्याच्या पाद्रीबाबास मान्य नसे. १८५३ सालीं तर माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा कोणाचा यावरून प्रकरण हातघाईवर आलें. प्रोपागांदाचे बिशप हार्टमन आंत बसून राहिले, विरुद्ध पक्षानें बाहेर वेढा घातला, व अखेर सरकारी अंमलदारांस मध्यें पडावें लागलें. दोन्ही बाजूंस आपलेच लोक होते, दोन्ही बाजूंचे लोक एकच जपमाळ म्हणत होते.

१८८६ सालीं रोम व पोर्तुगाल यांच्यामध्यें करार झाला. मुंबईस प्रोपागांदाचे आर्चबिशप, आणि साष्टी-वसईकडील चर्चांसाठीं पाद्रोआदोचा दमण धर्मप्रांत, अशी व्यवस्था ठरली. परंतु खुद्द मुंबई शहरांत दोन्ही सत्ता तशाच राहिल्या. आर्चबिशप गुडियर हे इंग्रज जेझुइट संत मनाचे व लेखक म्हणून गाजलेले गृहस्थ. या दुहेरी कारभारापुढें तेहि टेकीला आले, व तडजोडीस वाट मोकळी व्हावी म्हणून १९२६ सालीं त्यांनीं गादी सोडली. १९२८ सालीं नवा करार झाला. दमणचा धर्मप्रांत मोडून त्याचीं आपल्याकडील चर्चें मुंबईस जोडलीं गेलीं; आणि मुंबईच्या गादीवर पाळीपाळीनें एकदां पोर्तुगीज व एकदां इंग्रज असा महागुरुस्वामी बसावा, असें ठरलें.

हा करार वाचतांना आज हंसूं येतें. लाखों कॅथलिक या देशाचे, भाषा मराठी, कोंकणी, इंग्रजी, गुजराती. आणि त्यांचा मेंढपाळ मात्र लिस्बन आणि लंडन यांच्यांतून पाळी लावून निवडावयाचा! तरी पण तत्कालीन लोकांस तो मोठाच विजय वाटला, व एका अर्थीं तो होताहि. एका शहरांत एकच बिशप ही गोष्ट सव्वाशें वर्षांनीं घडून आली होती.

पहिली पाळी पोर्तुगीजांची. आर्चबिशप जोआकिम लिमा हे १९२८ सालीं गादीवर आले. तरुण फादर ग्रेशस यांस त्यांनीं आपलें चिटणीस नेमलें, व धर्मप्रांताच्या दप्तराचें कामहि त्यांच्याकडे आलें. दोन्ही पक्षांच्या जुन्या तक्रारी, चर्चांच्या मिळकती, कोणाचा मान आधीं व कोणाचा मागून, या सर्व कज्ज्यांचे कागद त्यांच्या हातांखालून जाऊं लागले. पुढें जें राज्य त्यांस करावयाचें होतें त्याची शाळा हीच, असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या कॅथलिकांचें मन कोठें दुखतें, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल.

लिमा १९३६ सालीं वारले, आणि दुसऱ्या वर्षीं इंग्रजांच्या पाळीप्रमाणें लिव्हरपूलचे जेझुइट फादर टॉमस रॉबर्ट्स महागुरुस्वामी झाले. हा पुरुष मोठा निराळा. मनांत येईल तें स्पष्ट बोलावें, थाटमाटाची हौस नाहीं, आणि अन्याय दिसला कीं स्वस्थ बसवत नाहीं, असा त्यांचा स्वभाव. या देशांत कांहीं वर्षें काढल्यावर त्यांची खात्री झाली कीं मुंबईच्या गादीवर भारतीय मनुष्यच बसला पाहिजे. परंतु करार आडवा येत होता. रॉबर्ट्स यांनीं राजीनामा द्यावा, तर पुढची पाळी पोर्तुगीजांची. आणि न द्यावा, तर इंग्रज तसाच गादीवर राहावयाचा. हा पेंच त्यांनीं कसा सोडविला तें पाहण्यासारखें आहे.

१९४१ सालच्या डिसेंबरांत फादर ग्रेशस होली नेम प्रो-कॅथेड्रलचे रेक्टर झाले. त्या जागीं आलेले ते पहिलेच भारतीय. आवाज भरदार, भाषा ओघवती. वक्ते म्हणून त्यांची कीर्ति लवकरच शहरभर झाली. १९४६ च्या मे महिन्यांत परमगुरुस्वामींनीं त्यांस मुंबईचे साहाय्यक बिशप नेमलें, आणि २९ जून रोजीं, म्हणजे संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या दिवशीं, रॉबर्ट्स यांच्याच हातून त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. तें झाल्यावर रॉबर्ट्स यांनीं साराच कारभार आपल्या साहाय्यकावर सोंपविला व मुंबई सोडली. पद सोडलें नाहीं, देश सोडला. कागदोपत्रीं महागुरुस्वामी इंग्रजच. म्हणून पाळी बदलण्याचा प्रश्न उद्भवेना. प्रत्यक्ष राज्य मात्र कराचीच्या एका गोवेकर विधवेच्या मुलाच्या हातीं आलें.

चार वर्षें असें चाललें. त्या चार वर्षांत देश स्वतंत्र झाला, देशाची फाळणी झाली, आणि बिशप ग्रेशस यांची जन्मभूमि दुसऱ्या राष्ट्रांत गेली. १९४८ सालीं कराचीचा धर्मप्रांतहि मुंबईपासून वेगळा झाला. नव्या भारतांत परकी राष्ट्राच्या अध्यक्षानें मुंबईच्या बिशपाच्या निवडीस हात लावावा, ही गोष्ट टिकणारी नव्हती. १८ जुलै १९५० रोजीं रोम व पोर्तुगाल यांच्यामध्यें करार होऊन पोर्तुगालनें तो हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनीं आतां खुशाल राजीनामा दिला, आणि ४ डिसेंबर १९५० रोजीं व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे महागुरुस्वामी झाले. या गादीवरील पहिले भारतीय.

येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. ग्रेशस यांचा गौरव करणारे लोक बहुधा रॉबर्ट्स यांस विसरतात. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शरीरांत शक्ति असतां, कोणी मागितलें नसतां, एका महागुरुस्वामीनें आपली गादी रिकामी केली. पुढें त्यांस दुसरा धर्मप्रांत मिळाला नाहीं. १९७६ सालीं ते ख्रिस्तवासी झाले. गुडियर आणि रॉबर्ट्स, दोघेहि इंग्रज, दोघेहि जेझुइट, दोघेहि मुंबईच्या भल्यासाठीं बाजूस झाले. आपल्या चर्चांत त्यांच्यासाठीं एखादी मिस्सा व्हावी, असें आम्ही नम्रपणें सुचवितों.

नव्या महागुरुस्वामींस दोन वर्षेंच झालीं होतीं, इतक्यांत १२ जानेवारी १९५३ रोजीं बाराव्या पायस परमगुरुस्वामींनीं चोवीस नवे कार्डिनल केले, त्यांत त्यांचें नांव होतें. भारताला मिळालेले हे पहिले कार्डिनल. त्याच यादींत व्हेनिसला जाणारे रोंकाल्ली होते, जे पुढें तेविसावे जॉन परमगुरुस्वामी झाले. आणि कम्युनिस्ट राजवटीच्या जाचांतले पोलंडचे व्हिशिन्स्की व युगोस्लाव्हियाचे स्टेपिनात्स हेहि होते. कार्डिनलांचा तांबडा रंग रक्ताचा. विश्वासासाठीं प्राण देण्याची तयारी त्यानें दाखवावयाची असते. आपल्या कार्डिनलांवर तशी वेळ आली नाहीं. त्यांची कसोटी निराळी होती.

ती कसोटी अशी. स्वतंत्र भारतांत पुष्कळ लोकांस वाटे कीं ख्रिस्ती म्हणजे साहेबाचा किंवा पोर्तुगीजाचा माणूस. परदेशी मिशनऱ्यांविषयीं संशय वाढला होता. मध्यप्रदेश सरकारनें १९५४ सालीं नियोगी समिति नेमली, व १९५६ सालीं तिचा कडक अहवाल बाहेर आला. त्यांतच गोव्याचा प्रश्न पेटला. पोर्तुगाल सरकार म्हणे कीं गोवा हा कॅथलिक धर्माचा गड आहे, तो गेला तर धर्म गेला. कार्डिनल ग्रेशस यांचें रक्त गोव्याचें; त्यांच्या धर्मप्रांतांत हजारों गोवेकर, कित्येकांचें मन दोहोंकडे ओढलेलें. त्यांनीं आपली बाजू लपविली नाहीं. गोव्याचा प्रश्न राजकारणाचा आहे, धर्माचा नव्हे, आणि भारतीय कॅथलिकाची निष्ठा भारताकडे आहे, हीच भूमिका त्यांनीं धरली. १९५५ सालीं पंडित नेहरू रोमला पोपमहाराजांस भेटले, तेव्हां रोमचेंहि मत याहून वेगळें निघालें नाहीं. गोव्यांत जन्मलेल्या आईबापांच्या मुलास हें म्हणणें सोपें गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. घरचीं माणसें रागावतात तेव्हां तें बाहेरच्यांच्या रागापेक्षां अधिक लागतें.

१९५४ सालीं ते भारतांतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले व पुढें अनेक वर्षें त्या स्थानीं राहिले. त्यांच्या अमदानींत गोरेगांव येथें सेंट पायस सेमिनरी १९६० सालीं उभी राहिली, जींतून आपले कित्येक पाद्रीबाबा शिकून निघाले. आणि बिशपांच्या परिषदेनें १९६३ सालीं बंगळूरचें सेंट जॉन वैद्यकीय महाविद्यालय काढलें. १९५८ व १९६३ या दोन्ही सालीं परमगुरुस्वामींच्या निवडणुकींत त्यांनीं मत दिलें. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेस ते हजर होते. त्या महासभेचें फळ आपण दर रविवारीं चाखतों: लॅटिन जाऊन मिस्सा मराठींत आली, व वेदीकडे तोंड करून उभे राहणारे पाद्रीबाबा लोकांकडे वळले. वसईकडील म्हाताऱ्या बायकांस प्रथम तें चमत्कारिक वाटलें म्हणतात. आज त्यांच्याच नाती वेदीजवळ उभ्या राहून वाचन करतात.

परंतु कार्डिनलांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे १९६४ सालची अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस. २८ नोव्हेंबरपासून ६ डिसेंबरपर्यंत मुंबईच्या ओव्हल मैदानावर ती भरली. कार्डिनल आगाजानियन हे पोपमहाराजांचे वकील म्हणून आले. आणि १८ ऑक्टोबर रोजीं सहावे पॉल परमगुरुस्वामी यांनीं स्वतःच जाहीर केलें कीं आपणहि येणार. त्यापूर्वीं कोणाहि परमगुरुस्वामींनीं भारतभूमीवर पाऊल ठेवलें नव्हतें.

विरोधहि कमी झाला नाहीं. हें सारें धर्मांतरासाठीं चाललें आहे, असा कित्येक हिंदु संघटनांचा आक्षेप होता. त्या सालीं देशांत धान्याची टंचाई. अशा वेळीं एवढा खर्च कशास, असें आपल्यांतलेहि कांहीं लोक विचारीत होते, व तो प्रश्न अगदींच खोटा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तिकडे पोर्तुगाल सरकार तर भडकलें. तीन वर्षांपूर्वीं गोवा घेणाऱ्या देशांत पोप जातात, हा आपला उघड अपमान, असें त्याच्या परराष्ट्रमंत्र्यानें बोलून दाखविलें. म्हणजे मुंबईच्या गादीवरचा हक्क सोडून चौदा वर्षें झालीं, तरी लिस्बनचा सल गेला नव्हता.

२ डिसेंबर रोजीं परमगुरुस्वामींचें विमान सांताक्रूझला उतरलें. उपराष्ट्रपति झाकीर हुसेन व पंतप्रधान लालबहादुर शास्त्री स्वागतास होते. रस्त्याच्या दुतर्फा माणसांचा पूर लोटला, आणि त्यांत ख्रिस्ती थोडे, इतरच फार. दुसऱ्या दिवशीं इतर धर्मांच्या मंडळीपुढें बोलतांना परमगुरुस्वामींनीं उपनिषदांतील प्रार्थनेचा उच्चार केला, तेव्हां धर्मांतराची भीति घालणाऱ्यांचा आवाज पुष्कळ खालीं आला. ते अनाथ मुलांना भेटले, आजाऱ्यांना भेटले. त्यांच्या वापरासाठीं अमेरिकेहून आलेली मोठी मोटार त्यांनीं जातांना कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांस देऊन टाकली, व मदरनीं तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या कामीं लावला. ५ डिसेंबर रोजीं ते परतले. आपल्याकडच्या गांवांतून त्या दिवसांत मुंबईस गेलेले लोक पुढें कित्येक वर्षें तीच हकीगत सांगत असत.

कार्डिनल ग्रेशस यांच्या स्वभावाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. ते थाटाचे होते. जुन्या पिढीच्या कार्डिनलाप्रमाणें पदाचा मान त्यांस मोलाचा वाटे, आणि रॉबर्ट्स यांच्या साधेपणाच्या शेजारीं तो अधिकच डोळ्यांत भरे. आमचें मत विचाराल तर त्या थाटास एक अर्थ होता. ज्या लोकांनीं दोनअडीचशें वर्षें परक्या धर्माधिकाऱ्यांपुढें गुडघे टेकले, त्यांस आपल्याच वर्णाचा, आपल्याच देशाचा पुरुष तांबड्या झग्यांत पाहून छाती भरून आली असेल. तें त्यांस मिळावयास नको होतें काय? परंतु महासभेनंतरचे दिवस निराळे होते. तरुण पाद्री व शिकलेले गृहस्थ उघडपणें प्रश्न विचारूं लागले, आणि एकट्यानें हुकूम करण्याचा काळ सरला. तो बदल वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या माणसास सुखाचा गेला नसावा.

१९६६ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मविभूषण दिलें. पुढें कर्करोगानें शरीर पोखरलें. १९७७ सालीं त्यांच्या जोडीस उत्तराधिकारी म्हणून बिशप सायमन पिमेंटा नेमले गेले. १९७८ च्या ऑगस्टांत सहावे पॉल परमगुरुस्वामी वारले; ज्यांना त्यांनीं मुंबईंत उतरवून घेतलें होतें, त्यांच्या मागून येणाऱ्याची निवड करण्यास रोमला जाणें मात्र आजारामुळें त्यांस झालें नाहीं. ११ सप्टेंबर १९७८ रोजीं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीं, मुंबईंत त्यांनीं देह ठेविला. त्यांची समाधि होली नेम कॅथेड्रलमध्यें आहे.

त्याच दिवशीं गादी बिशप पिमेंटा यांच्याकडे आली. ते साष्टींतील मरोळ गांवचे. ज्या साष्टीचीं चर्चें १९२८ पर्यंत दमणच्या ताब्यांत होतीं, तेथील एका ईस्ट इंडियन घरचा मुलगा आतां मुंबईचा महागुरुस्वामी झाला, आणि या वेळीं त्याबद्दल लिस्बनला किंवा लंडनला कोणास विचारावें लागलें नाहीं.